अकरावी ओळ

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हिंगोली-वाशीम रस्त्यावर माझ्या धाकट्या बहिणीची गाडी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉली उभी होती. बहीण गाडी चालवत होती. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. आठ वाजता तिच्या फोनवरून मला फोन आला. बोलणारा पोलीस होता. फोनमध्ये ‘दादा’ या नावाने नंबर आहे तो तुमचाच का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने जागा सांगितली आणि या म्हणाला.

माझी बहीण वैमानिक होती. पन्नास आसनांचं एक जेट विमान ती नांदेडहून उडवत असे. त्यामुळे अनसिंगला बातमी पोचली तेव्हा पुष्कळांना वाटलं की विमानच पडलं. दारात आलेली माणसं आधी आभाळाबद्दल बोलत. टीव्हीवर काही कसं दाखवलं नाही, असं एकाने वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, “रस्त्यावर गेली. इमानातून नाई.” त्या दिवशी हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल, सांगता येणार नाही. शेवटी शेवटी ते कोणी न विचारताच म्हणत होते.

मी वाशीमला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आई-वडील अनसिंगला शेतीवर असतात. आठवड्याचे पाच दिवस मी वाशीमला खोली करून राहतो आणि उरलेले दिवस गावी. आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिची उजवी बाजू चालत नाही. बोलते, पण शब्द एकेक करून येतो. मी लिहितो आहे ते कोणाला काही पटवून देण्यासाठी नाही. एका कागदावर मी एक ओळ लिहिली होती. ती का लिहिली, हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. ते एकदा नीट लिहून काढावं एवढंच मनात आहे.

बहिणीने विमान शिकण्यात आणि मग नोकरीची वाट पाहण्यात बरीच वर्षं घालवली. शेवटी एका छोट्या विमान कंपनीने तिला घेतलं. त्या कंपनीकडे दोन प्रकारची जेट विमानं होती. एक पन्नास आसनांचं, जुनं, लांबट, इंजिनं शेपटीशी असलेलं. दुसरं शहात्तर आसनांचं, नवं, इंजिनं पंखांखाली असलेलं. मोठ्या शहरांना जोडणारी अवाढव्य विमानं असतात, त्यांच्यापुढे ही दोन्ही लहानच. वैमानिकाला एका वेळी एकाच प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण मिळतं आणि ते झालं की पुढची काही वर्षं तेच विमान उडवावं लागतं. आज हे, उद्या ते, असं चालत नाही. नव्या तुकडीत ज्यांचे गुण वरचे होते त्यांना कंपनीने निवड करायला सांगितलं होतं. माझी बहीण आणि तिची एक मैत्रीण, दोघी त्या यादीत होत्या. फॉर्म सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. शनिवारी दोघी आमच्या घरी आल्या.

मैत्रीण सांगलीकडची. पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती. ते हळद शिजवण्याचे दिवस होते. शेतात कढया लागल्या होत्या आणि शिजलेली हळद अंगणात वाळत पडली होती. बसायला मोकळी जागा अशी नव्हतीच. दोघींनी हळदीचे ढीग हाताने बाजूला सारले, मध्ये सतरंजी टाकली आणि बसल्या. मी ग्रंथालयातून पुस्तकांच्या दाखलनोंदीचं एक बाद झालेलं रजिस्टर घरी आणून ठेवलं होतं. मागची पानं कोरी होती आणि रकाने आधीच आखलेले. बहिणीने ते मागून घेतलं, एका रकान्यावर ‘लहान’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘मोठं’. मुद्दा लिहायचा, भांडायचं, आणि जे विमान जिंकेल त्याच्या रकान्यात खूण करायची, असं ठरलं.

वडील पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. म्हणाले, “मले एकच सांगा. यातलं पडते कोनतं?”

“काका, दोन्ही पडत नाहीत,” मैत्रीण म्हणाली. “म्हणून तर भांडतोय.”

“बाबा, तुमी बैल घ्याले जाता तं दात पाहता ना?” बहीण म्हणाली. “तसं आमी इंजिन पाहून राह्यलो. याचं शेपटीपाशी हाय, त्याचं पंखाखाली.”

वडिलांनी जरा विचार केला. “शेपटीपाशी जोर असून काय कामाचा? जोर खांद्यात पाह्यजे.”

“झालं,” मैत्रीण म्हणाली, “एक खूण मोठ्याला. काकांनीच दिली.”

“हे मुद्द्यात धरत नसतात.”

“का? तुझे वडील आहेत म्हणून?”

ती खूण त्यांनी धरली नाही. पण पुढे दिवसभर वडील मध्येच येऊन ‘खांद्यावालं कुठवर आलं’ असं विचारत राहिले.

मी उंबऱ्याशी बसून ऐकत होतो. आतल्या खाटेवर आई होती. तिलाही ऐकू जात होतं. विमानांबद्दल मला पुस्तकांतून थोडंफार माहीत होतं, पण जी माणसं ती हाताने चालवणार ती कसं बोलतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांचे मुद्दे मला वाटले होते तसे नव्हते. पहिला मुद्दा होता पाय. लहान विमानाच्या कॉकपिटमध्ये दप्तर ठेवायलासुद्धा जागा नसते, गुडघे अडकतात, असं मैत्रीण म्हणाली. ती उंच होती. बहीण म्हणाली, माझे गुडघे अडकायचा प्रश्नच नाही. तरी खूण मोठ्याकडे गेली.

मग इंजिनाचा जोर कमीजास्त करण्याचा दांडा आला. मोठ्या विमानात तो यंत्र सांभाळतं. लहान विमानात वैमानिकालाच सतत पुढे-मागे करावा लागतो.

“दिवसात चार चार वेळा चढायचं आणि उतरायचं,” मैत्रीण म्हणाली. “चौथ्या वेळी तुझा हात काय म्हणेल?”

“काय म्हनंल? उडवलं म्हनंल. तू मोठ्यात नुसती पाहत बसशीन.”

“तू गं आयुष्यभर जुनंच घे. स्कूटर जुनी, फोन जुना, आता विमान जुनं.”

“जुनं बोलते. कुठं दुखते ते सांगते. नवं गपचूप राह्यते.”

“अनसिंगला आलं की तुझी भाषाच बदलते की.”

“तुझी नाई बदलत. तू तिकडून आली तशीच हाय.”

हा मुद्दा लहान विमानाने जिंकला. मला वाटतं मैत्रिणीने तो दिला. विमान हाताला लागलं पाहिजे, ही गोष्ट तिलाही मनातून मान्य होती. लहान विमानाची शेपटी तारांनी आणि दांड्यांनीच हलते, त्यामुळे हवेचं वजन थेट हाताला कळतं, असं बहिणीने मला समजावून सांगितलं. सांगताना तिने दोन्ही हात पुढे धरले होते. हात हळदीने पिवळे झाले होते.

पुढचे मुद्दे भराभर आले. आवाज. पाऊस असताना ओल्या धावपट्टीवर थांबायला लागणारं अंतर. विमानाचं वय. ते अजून किती वर्षं ठेवतील. कॅप्टन व्हायला लागणारा काळ. यात लहान जिंकलं, कारण तिकडे माणसं कमी होती. पुढे दुसरीकडे नोकरी शोधायची झाली तर कोणता अनुभव चालेल, यात मोठं. आतली थंडी. बिघाड झाला तर कोणतं विमान स्वतः सांगतं आणि कोणत्यात माणसाला शोधावं लागतं. कॉकपिटमध्ये माणसं किती हा मुद्दा मी सुचवला, तेव्हा दोघी एकदम म्हणाल्या की तो दोन्हीकडे सारखाच, लिहायची गरज नाही. दोघंच असतात. एकाने हात सोडायचे तर दुसऱ्याने ‘विमान माझ्याकडे’ असं मोठ्याने म्हटल्याशिवाय सोडायचे नाहीत. हे शब्द न बोलता कधीच काही होत नाही. बहिणीने ते मला करूनही दाखवलं. एक हळकुंड माझ्या हातात दिलं आणि मी “माझ्याकडे” म्हणेपर्यंत सोडलं नाही.

दुपारपर्यंत दहा ओळी झाल्या. सात खुणा मोठ्या विमानाला, तीन लहानाला. बहीण पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग मोठंच.” मैत्रिणीने तिच्या पाठीत थाप मारली. वडील आले तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, “मी सकाळीच सांगतलं होतं.”

मग दोघी वडिलांबरोबर शेतात कढई बघायला गेल्या. रजिस्टर उंबऱ्यावर उघडं होतं. घरात मी आणि आई.

आईने विचारलं, “मंग... पोरगी... राह्यन कुठं?”

याचं उत्तर सकाळपासून सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी उच्चारलं नव्हतं. मोठी विमानं कंपनीने दक्षिणेतल्या एका शहरात ठेवली होती. तिथून आमच्या घरी यायचं म्हणजे एक रात्र आणि एक दिवस. लहान विमानांपैकी एक मात्र रोज संध्याकाळी नांदेडला मुक्कामाला येत असे आणि त्याचे काही वैमानिक नांदेडलाच राहत. नांदेडहून अनसिंग गाडीने साडेतीन तास.

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा. आमच्या भागात लेकीची सोयरीक बघताना शेवटचा प्रश्न अंतराचा असतो. शेत, घर, मुलगा, सासू, सगळं विचारून झालं की मग कोणीतरी म्हातारं माणूस विचारतं, परतीची गाडी किती वाजता लागते. माझ्या आत्याला फार लांब दिलं होतं. तिची आई, म्हणजे माझी आजी, गेली तेव्हा आत्या दोन गाड्या बदलून दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून आमच्या घरी ठरलं की सकाळी निघालेली लेक दुपारच्या जेवणाला माहेरी पोचली पाहिजे, याहून लांब द्यायची नाही. या एका नियमावर वडिलांनी बहिणीची दोन स्थळं नाकारली होती. त्यामुळेच तिला विमान शिकायला वेळ मिळाला, असं ती गमतीने म्हणायची.

मी पेन घेतलं आणि दहाव्या ओळीखाली लिहिलं : ‘घरापासून अंतर’. लहान विमानाच्या रकान्यात लिहिलं, ‘सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला’. मोठ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘एक रात्र, एक दिवस’. खूण केली नाही. रजिस्टर होतं तिथे तसंच उघडं ठेवलं.

मी ते आईसाठी लिहिलं, असं मला तेव्हा वाटत होतं. ते पूर्ण खरं नव्हतं. आईची आंघोळ, औषधं, तिला उठवणं-बसवणं, याला शेजारच्या काकू येत असत. पण शनिवार-रविवार सगळं माझ्यावर असे आणि मला ते जमत नव्हतं. आईच्या अंगाला हात लावताना तिलाही अवघड व्हायचं, मलाही. मला दुसरं माणूस हवं होतं. घरचं माणूस. हे मी कोणाला म्हणालो नाही. रकान्यात लिहिलं.

त्या परत आल्या. मैत्रिणीची पावलं घोट्यापर्यंत पिवळी झाली होती. बहीण रजिस्टर उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

“हे काय लिवलं, दादा?”

“राहून गेलं होतं.”

मैत्रिणीने तिच्या खांद्यावरून वाचलं. “दादा, पण हे विमानाचं नाही ना. हे गाडीचं झालं.”

“तरी अंतर अंतरच असतं,” मी म्हणालो.

बहिणीने रजिस्टर मिटून आत आईच्या खाटेखाली ठेवलं. जेवताना विमानांचा विषय निघाला नाही. रविवारी सकाळी दोघी गेल्या. सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, “लहान भरलं, दादा.” मी विचारलं, “का?” ती म्हणाली, “हाताला लागते ना. मले तेच आवडते.” मी पुढे काही विचारलं नाही. मला बरं वाटलं होतं.

प्रशिक्षण, परीक्षा, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली उड्डाणं, यात सहा-सात महिने गेले. पावसाळा संपता संपता ती नांदेडला राहायला आली. तिने जुनी गाडी घेतली. बुधवारी संध्याकाळी तिचं शेवटचं उड्डाण नांदेडला उतरे, गुरुवार-शुक्रवार सुट्टी. गुरुवारी पहाटे पाचला ती निघायची. आठच्या सुमारास वाशीमला बसस्टँडजवळ मी उभा असायचो. आम्ही तर्री-पोहे खायचो, चहा घ्यायचो, मग अनसिंगला जायचो. ती आईला आंघोळ घालायची, तिचे केस विंचरायची. माझी गुरुवारची अर्धी रजा असे. एक वाजता मला ग्रंथालयात परतावं लागे. गुरुवारी शेजारच्या काकू येत नसत आणि आईला उचलून न्यायला मी लागे, म्हणून आंघोळ सकाळीच व्हायला हवी होती. तिचं पहाटे निघणं या माझ्या एक वाजण्यावर बेतलेलं होतं.

असे चौदा गुरुवार झाले.

आई त्या दिवसांत सुधारली. गुरुवारी सकाळपासून ती बाहेरच्या आवाजाकडे कान लावून असे. बहीण तिला विमानातल्या गोष्टी सांगायची. एका प्रवाशाने चालू विमानात शेजाऱ्यांना डब्यातला ठेचा वाटला, त्याची गोष्ट आईने तीनदा सांगायला लावली. आंघोळ घालताना बहीण म्हणायची, “माय, आता तू माझ्याकडे हाय. मी म्हनत नाई तवर हात सोडाचा नाई.” आई हसायची. आईचं हसणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर मी पुस्तक घेऊन बसायचो. इतकं सुख त्या घरात पुष्कळ दिवसांत नव्हतं. म्हणूनच मी काही बोललो नाही.

बोलायला हवं होतं तो तेरावा गुरुवार. ती बसस्टँडजवळ उतरली तेव्हा गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या. थंडीचे दिवस होते. तिचं नाक लाल झालं होतं आणि दातांत एक हिरवी मिरची धरलेली होती.

“हे काय?”

“हिंगोलीपासून धरली. खायाची नाई, नुसती धराची. झोप लागत नाई.”

“काल उशीर झाला का?”

“काल चार खेपा झाल्या. उतरली, खोलीवर गेली, झोपली, उठली. एवढंच.”

“विमानातही मिरची धरतेस का?”

“विमानात दोघं असतो ना. एक जांभई देते तं दुसरा पाहते. अन् तिथं तास मोजलेले असतात. किती उडलं की किती झोपाचं, कायद्यानं बांधलेलं हाय.” तिने मिरची काढून फेकली. “इथं कोन मोजते?”

मी हसलो. पोह्यांच्या दोन प्लेटी सांगितल्या. पुढच्या गुरुवारी दुपारी निघ, किंवा एसटीने ये, किंवा येऊच नको, झोप काढ, यातलं काहीही मी म्हणू शकलो असतो. एक वाक्य पुरलं असतं. ती ऐकणारी होती. पण ती उशिरा आली असती तर आंघोळ राहिली असती, मला पूर्ण रजा टाकावी लागली असती, आणि आईने दिवसभर विचारलं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं होतं. न सुचल्यामुळे गप्प राहिलो असं नाही.

चौदावा गुरुवार नेहमीसारखा गेला. पंधराव्या गुरुवारी मी बसस्टँडजवळ उभा होतो. आठ वाजले म्हणून मी पोहे सांगितले होते.

ट्रॉलीचं चाक निखळलं होतं म्हणून ती रस्त्याच्या कडेला उभी होती. मागे दगड लावले होते, झाडाची एक फांदी ठेवली होती. चांगलं उजाडलं होतं. ट्रॉलीजवळ बसलेल्या ऊसतोड बाईने मला सांगितलं की गाडी सरळ आली, जराही वळली नाही. रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. ती बाई मला सांगताना रडत होती. मी तिला म्हणालो की तुमची चूक नाही. ते खरं होतं.

दहा ओळींत आम्ही बिघडणं, ओली धावपट्टी, सगळं लिहिलं होतं. रस्ता कोणी लिहिला नाही. रस्ता लिहिला तो मीच, आणि तो चांगल्या बाजूला लिहिला. आमचा नियम एसटीसाठी केलेला होता. त्यात लेक मागच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून झोपते आणि गाडी दुसरं कोणीतरी चालवत असतं. हे इतकं उघड होतं की कोणाच्या लक्षात आलं नाही.

बहिणीच्या तेराव्याला मैत्रीण आली. तिने ठरवल्याप्रमाणे मोठं विमान घेतलं होतं आणि दक्षिणेतून दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती. अंगणात या वेळी हळद नव्हती. काढणीला वेळ होता. लोक गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

“दादा, एक विचारू? ती ओळ तुमच्या आईंनी लिहायला सांगितली होती का?”

“नाही.”

“फॉर्म भरताना मी तिच्या शेजारी होते. तिने आधी मोठं लिहिलं होतं. मग खोडलं. मी म्हटलं, अगं काय करतेस. तर म्हणाली, दादा कधी काही मागत नाही.”

जाताना ती आईच्या पाया पडली, तेव्हा आईने डाव्या हाताने तिचा हात धरला आणि सोडेना. मैत्रीण तशीच खाली बसून राहिली. तिची गाडी चुकली. वडिलांनी तिला दुसऱ्या गाडीला बसवून दिलं.

मैत्रिणीचं बोलणं मी वडिलांना सांगितलेलं नाही. वडील ट्रॉलीवाल्याला दोष देतात, कधी रस्त्याला, कधी त्या जुन्या गाडीला. विमानाला कधीच नाही. पूर्वी शेतावरून विमान गेलं की ते हातातलं काम थांबवून विचारायचे, “खांद्यावालं की शेपटीवालं?” इतक्या उंचीवरून मला ते कधी ओळखता आलं नाही, पण मी काहीतरी सांगायचो. आता आवाज आला तरी ते वर बघत नाहीत.

पुढच्या दिवाळीत कंपनीने पन्नास आसनांची विमानं कमी करायला सुरुवात केली. नांदेडला आता शहात्तर आसनांचं येतं. तेही संध्याकाळी उतरतं आणि तिथेच मुक्काम करतं. म्हणजे बहिणीने मोठं विमान घेतलं असतं तर वर्षभराने तीही नांदेडला आली असती. मी लिहिलेलं अंतर एका वर्षापुरतंच खरं होतं. हे मला मैत्रिणीकडून कळलं. तिचा आता आठवड्यातून एकदा तिथे मुक्काम असतो. उतरली की ती मला फोन करते. आईशी बोलते. एकदा म्हणाली, “दादा, इतक्या जवळ येते, पण तुमच्याकडे यायचं माझ्याच्याने होत नाही. तो रस्ता...” मी म्हणालो, “येऊ नकोस.” हे वाक्य या वेळी मला लगेच म्हणता आलं.

गुरुवारी मी आता पूर्ण रजा घेतो. आईची आंघोळ शेजारच्या काकू घालतात, मी पाणी तापवून देतो. आई बाहेरच्या आवाजाकडे कान लावत नाही. वडील शेतात असतात. रजिस्टर आईच्या खाटेखालीच आहे. त्या पानावर हळदीची बोटं उमटलेली आहेत आणि अकरा ओळी आहेत. दहा ओळींपुढे खूण आहे. अकरावी ओळ माझ्या अक्षरात आहे, तिच्यापुढे खूण नाही.